उभा पाय

कालवाला बिजागरी असते, एकच.
सुरीचं टोक तिथं नेऊन मनगट वळवलं
की आतला स्नायू सुटतो
आणि शिंपला म्हणतो, घे.
तोंग्योंगच्या शेडमध्ये सव्वीस हिवाळे मी हेच केलं,
रबरी बूट, एकावर एक दोन हातमोजे,
तरी बोटांवर पांढऱ्या रेघा.

लाँड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर प्यो मास्तरांचा वर्ग.
त्रेपन्नाव्या वर्षी मी पांढरा पट्टा बांधला
तो नऊ वर्षांच्या पोरांच्या रांगेत, शेवटून पहिली.
पिवळ्या पट्ट्याचा ग्योम मला गाठ शिकवायचा:
मावशी, डावं वर, उजवं खाली,
छे, ही तर बुटाची झाली.

जाऊबाईंनी विचारलं, या वयात लाथा कुणाला घालणार?
मी म्हटलं, कुणाला नाही.
खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं:
मला ओरडायचं होतं.
लाथेबरोबर पोटातून आवाज काढायचा असतो, किहाप.
महिन्याचे पैसे भरले की त्याला परवानगी मिळते.
पहिले चार महिने माझ्या तोंडून निघायचं
ते दार हळूच लोटल्यासारखं काहीतरी.
मास्तर म्हणायचे, शेजारी कुणी झोपलंय का?
मी मनात म्हणायचे, हो, चोवीस वर्षं.

लहान दुखणी सांगत नाही, ती सगळ्यांचीच:
नडगीवर नडगी आपटून आलेलं टेंगूळ,
मॅटच्या फटीत राहिलेलं करंगळीचं नख,
मांडीच्या आत लचक भरून आठवडाभर
संडासात बसताना आठवलेले पूर्वज.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नवी मॅट आली, निळी,
कारखान्याचा वास न गेलेली, चिकट.
फळी ग्योमच्या बापाने धरली होती, डोळे मिटून.
मी वळले. कंबर वळली, मांडी वळली,
उजवा पाय गरकन वर गेला,
डावा होता तिथेच राहिला.

आवाज माझ्या ओळखीचा होता.
दिवसाला दोन-अडीच हजार वेळा ऐकलेला.
या वेळी शिंपला माझा होता.

मग मी ओरडले.
काय ओरडले! खाली लाँड्रीत इस्त्री थांबली म्हणे.
पोरांनी टाळ्या पिटल्या,
मास्तर उठून उभे राहिले, हेच, हेच म्हणाले,
आणि फळीही मोडली होती, सरळ मधोमध.
मी बसत नाहीये, पडतेय,
हे कळायला त्यांना जरा वेळ लागला.

इस्पितळात मास्तर नाशपाती घेऊन आले.
माफी मागितली नाही. खुर्ची ओढली,
विजारीचे दोन्ही पाय गुडघ्यावर दुमडले.
उजवा, ज्याने चाळीस वर्षं फळ्या, विटा,
आणि एकदा, तरुणपणी, कुणाच्या तरी बरगड्या मोडल्या,
तो गुळगुळीत, लेकराचा असावा तसा.
डाव्यावर तीन शिवणी.
म्हणाले, फोटोत नेहमी वर गेलेला पाय येतो.
मग नाशपाती सोलत बसले, साल न तुटू देता.

सात महिने झाले. लाथ अजून नाही.
पोरांचे पट्टे बांधते. ग्योमचा आता हिरवा,
गाठ माझ्याकडून बांधून घेतो आणि मग सोडून परत बांधतो.
फळीच्या एका अर्ध्यावर नवरा गरम पातेलं ठेवतो,
कशाची म्हणून विचारत नाही.
दुसरा अर्धा मी कुठे ठेवलाय ते माझं मला माहीत.

आणि शेडमध्ये, हात चालू असताना,
बुटातला डावा पाय चवड्यावर तोलून
टाच हळूहळू पुढे आणते.
खाली शिंपल्यांचा चुरा करकरतो.
शेजारची बोंग-रे विचारते, मुंग्या आल्या का गं?
नाही, म्हणते, याला वळायला शिकवतेय.
त्यात काय शिकायचं, म्हणते ती,
आणि पुढचं कालव घ्यायला ढिगाकडे वळते,
टाचेपासून, अगदी सहज.