तारेखालचा लिंब

नायनांनी हा लिंब लावला तेव्हा
गल्लीत खांबच नव्हता.
हे मी लाईनमनला दोनदा सांगितलं.
तो म्हणाला, असेल खरं,
पण तार लिंबाला विचारून जात नाही.

मागच्या वैशाखात वावटळ सुटली,
फांदी तारेला घासली, ठिणग्या गळाल्या
वाळत घातलेल्या टॉवेलांवर,
आणि अख्ख्या गल्लीचे माग
एका दमात गप्प.
खटखट थांबली की आमच्याकडे
झोपलेली पोरं जागी होतात.
समोरची राजव्वा दारात येऊन म्हणाली,
तुमच्या झाडानं माझी अर्धी चादर खाल्ली.

चार तारा, सरळ, ताण्यासारख्या.
त्यातून लिंब आपला बाणा घालत होता
इतकी वर्षं, हळूहळू.
त्याला कुणी डिझाईन दिलं नव्हतं.

दर वर्षी बोर्डाची माणसं येत,
वरून एक कोयता, बाजूनं एक.
शेवटी झाड असं दिसायला लागलं
जसे शाळेतल्या पोराचे केस
मास्तरनं मधूनच कापावेत.
या खेपेला मीच अर्ज दिला.
सही करताना पेन चालेना.
पेनच खराब होतं.

होटगी रोडच्या नर्सरीत विचारलं,
जास्तीत जास्त किती वाढेल?
नर्सरीवाला हसला. म्हणाला, लोक विचारतात
किती लवकर वाढेल.
डाळिंब न्या. दहा फुटांवर ऐकतं.

तारेपासून लांब, मोरीचं पाणी जातं तिथं
खड्डा मी खणला.
नळाला पाणी आलं त्या दिवशी,
म्हणजे चौथ्या दिवशी,
पहिली बादली त्याला.
त्यावरून घरात भांडण झालं, तो वेगळा विषय.

सुगुणा बारा वर्षं लिंबाखाली
मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची.
आता ती उन्हाबरोबर सरकते:
दहाला पायरी, बाराला भिंत,
दोनला संडासाच्या पत्र्याखाली.
हजार विड्या होईपर्यंत
अंगण पुरं फिरून होतं.
डाळिंबाची सावली अजून
तिच्या सुपाएवढीही नाही.
तेवढ्यात ती दोऱ्याचं रीळ ठेवते.

उगादीच्या पचडीला लिंबाचा फुलोरा लागतो.
यंदा पलीकडच्या गल्लीतून मागून आणला.
सुगुणा मला काही बोलली नाही,
फक्त जाताना वाटी मोठी घेतली.

बुंध्याला मात्र फुटवे येतायत.
लाईनमन बजावून गेलाय, दिसला की मोडा.
मी मोडतो. सकाळी, माग सुरू करायच्या आधी.
भिंतीकडचा एक राहतोच,
आता गुडघ्याएवढा आलाय.
तो मला दिसत नाही,
असं आमचं तिघांचं ठरलंय.