पाणी राहत नाही

उन्हाळ्याचं नाव पुढे करता आलं नसतं,
कारण सुरुवात झाली मार्गशीर्षात,
अडावदच्या मळ्यात भरीत होतं तेव्हा.
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फुटत होती,
सगळे स्वेटर घालून शेकत बसलेले
आणि मी रांजणापाशी.
एक तांब्या. दुसरा. तिसरा अर्धा झाला तशी
सुमनची सासू म्हणाली,
"कितलं पानी पेस वं माय?"
मी हसले. मिरचीवर ढकललं.

मग चैत्रात सगळ्यांनाच तहान लागली
आणि माझी त्यात लपून गेली.

चोपडा-रावेर, सकाळी सव्वासहाची.
माझ्या सीटखाली दोन बाटल्या,
ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या.
अडावदला पहिली अर्धी,
धानोऱ्याला संपली,
किनगावला दुसरीचं बूच निघालं.
यावलला नळाखाली दोन्ही भरायच्या
आणि तोवर जायची वेळ झालेली असायची,
स्टँडमागे, जिथे दाराला कडी नाही.
एका हाताने दार धरून ठेवायचं,
खांद्याला तिकिटाचं मशीन,
बाहेर गिरधर कोळी हॉर्न वाजवतोय.
जेवढं आत तेवढं बाहेर.
चोख हिशोब, चार आणे शिल्लक नाहीत.
जीभ मात्र टाळूला चिकटलेली;
"पुढे सरका" म्हणताना
शब्द सोलून काढावा लागायचा.

रस्त्याला दोन्हीकडे केळी.
बुंध्याशी काळ्या नळ्या, थेंब थेंब,
सातशे फुटांवरून उपसलेलं पाणी.
मी खिडकीतून बघायचे,
दुसऱ्याच्या ताटात बघावं तशी.

सांगणारे पुष्कळ भेटले.
सब्जा भिजव. धने उकळ. माठाचं पी, फ्रिजचं नको.
नणंद म्हणाली, नजर आहे, मीठ-मोहऱ्या उतरव.
डेपोतल्या बोरोले मास्तरांनी सांगितलं,
साखर-मिठाचं पाणी घ्या, अंगात राहील.
तेही घेतलं, दिवसाला पाच ग्लास,
मोठ्या विश्वासाने.

आधी कळलं ते मुंग्यांना.
न्हाणीच्या कोपऱ्यात, मोरीच्या तोंडाशी
काळी, हलणारी रेघ.
मी हळद टाकली. खडू ओढला.
खडू ओलांडून आल्या.
कुणाला सांगितलं नाही.
सांगणार तरी काय, आणि कसल्या तोंडाने?

हिंगोण्याच्या पुढे एकदा गाडी तापली.
गिरधरने बॉनेट उघडलं, डबा ओतला,
मग माझ्या दोन्ही बाटल्या मागितल्या.
दिल्या. जीव कासावीस झाला, पण दिल्या.
तिने त्या गटागटा घेतल्या
आणि खाली डांबरावर
एक बारीक धार चालू लागली.
"हिला पाणी कमी नाही, मॅडम," तो म्हणाला, "राहत नाही."
फडक्याला हात पुसत माझ्याकडे बघत राहिला,
जरा जास्तच वेळ.
"आमच्या थोरल्या भावाचं असंच झालतं."
एवढंच. मग बॉनेट आपटलं.

फैजपूरच्या लॅबमधल्या कागदावर चारशे बारा.
दिवसभर आकडेच वाचते मी,
भाडं, सुट्टे, अर्धं तिकीट, पास.
हा कुठल्या टप्प्याचा, ते कळेना.
काचेमागचा पोरगा म्हणाला,
"मावशी, तुम्ही चालत आल्या?"
म्हटलं, नाही रे, एसटीने.
ड्यूटीवर आहे.

आता पोटाला सुई, सकाळ-संध्याकाळ.
डब्यात कळण्याची भाकरी, अर्धी.
भावाच्या मळ्यातून केळीचा घड आला
तो शेजारी वाटला,
हात गोड झाले म्हणून धुतले.

अकराव्या रात्री तीनला जाग आली, सवयीने.
हात उशाकडे तांब्यावर गेला
आणि तिथेच थांबला.
तहान नव्हती.
शोधली मी ती, घशात, जिभेखाली,
रिकाम्या गाडीत रात्री
विसरलेल्या पिशव्या शोधते तशी,
सीट सीट वाकून.
इतके महिने रोज सोबत होती,
उतरताना सांगूनही गेली नाही.

सकाळी तांब्या काठोकाठ.
पाण्यावर एकच मुंगी,
गोल गोल फिरत, काठ चाचपत.
सव्वासहाला अजून वेळ होता.
मी बोट पुढे केलं.