वीतभर माती

फक्कीनं आखलेले चौकोन, मीटर बाय मीटर.
शेरीचं बेट, भिलवडीच्या खाली, कृष्णेच्या मधोमध.
इथं मला घाई करता येत नाही.
सेकंदाला अर्धा मीटर,
यंत्र जमिनीपासून चार बोटं वर,
झोपलेल्या पोराचं कपाळ चाचपावं तसं.

कट्. कट्.
हा आवाज बेटाचा नाही, सगळीकडचाच आहे.

एकेचाळिसाव्या चौकोनात
तव्यावर राजगिरा टाकल्यासारखा तो फुटतो.

दिसायला काहीच नाही.
तीच काळी मळी, तीच काटेरी देठाची वांगी.
सरीत उभ्या सुनंदाक्का चौगुले म्हणतात,
"माती तर गोडच हाय की,"
आणि चिमूट जिभेकडे नेतात.
मी ओरडलो.
एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना
स्वतःच्या मातीपासून हात झटकायला सांगितलं.

बंद पडलेल्या कागद कारखान्यातली शिशाची डबी
भंगारात किलोवर गेली, कुठल्याशा भट्टीत वितळली.
राख धुराड्याच्या पिशव्यांत साचली.
फुकट मिळते म्हणून तीन ट्रेलर नदीपर्यंत आले,
उताराला चिखल होतो म्हणून ती इथं पसरली.
कुणी खोटं बोललं नाही.
कुणी विचारलंच नव्हतं.

"सीझियम," मी सांगितलं.
"शिजवल्यावर जातंय का?"
"शिजवून जात नाही, अक्का."
मुळांना ते पोटॅश वाटतं,
ओळखीचा पाहुणा म्हणून आत घेतात.

गाळ मात्र त्याला सोडत नाही.
चिकण कण धरून बसलेत,
म्हणून ते खाली उतरलं नाही, नदीतही गेलं नाही.
ज्यानं धरून ठेवलं
त्यालाच आता न्यायचं.
वीतभर खरवडा, पिशवीत भरा, तोंड शिवा,
उघड्या जागेवर पुन्हा कान लावा.

"किती दिवस राहतंय म्हणं?"
"तीस वर्षांत निम्मं होतं."
"आन् त्या निम्म्याचं?"
"आणखी तीसांत त्याचं निम्मं."
अक्का हसल्या. "आमच्या भावकीची वाटणी बघा.
अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं,
शेवटाला एक सरी उरती,
पर सातबाऱ्यावर नाव ऱ्हातंयच."
हे मला कुठल्या प्रशिक्षणात
इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

मग हळूच, "बस्तीत महाराज सांगतात,
मातीलाबी जीव असतोय. पृथ्वीकाय.
त्यांचं काय करणार?"
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
शेऱ्यात लिहिलं: मालकिणीने विचारले.

दगडू आंबी नावेतून पिशव्या नेतो,
माणसं मोजावीत तशा मोजतो. तीनशे बारा.
छातीवरच्या बिल्ल्याला बोट लावून म्हणाला,
"ह्यो काय करतोय?"
"तुला किती लागलं ते मोजतो."
"मग नीट मोजू दे. भाडं त्येच्यावर लावतो."
हसलो दोघंही. नंतर बराच वेळ
वल्ह्याचाच आवाज होता.

दूर कुठं तरी काँक्रीटचा खड्डा आहे,
वर पाटी, भोवती कुंपण.
"तितं शेंगाबिंगा लावत्यात का?" अक्कांनी विचारलं होतं.

धरणातून पाणी सुटायच्या आत शेवटचा चौकोन झाला.
काटा अकरावर.
"शून्य दावा की."
"शून्य कुठंच नसतं, अक्का.
बस्तीच्या फरशीत, तुमच्या हरभऱ्यात,
तुमच्या-माझ्या हाडामांसात थोडं असतंच."
त्यांनी पंजा यंत्राखाली धरला.
कट्.
बराच वेळ काही नाही.
कट्.
"मी बी व्हय," म्हणाल्या,
आणि पदराला हात पुसला. मग थांबल्या,
तो का पुसला, ते आठवत.

करंजाच्या बुंध्याभोवती माती स्वच्छ निघाली,
तेवढीच जुनी उंची राहिली आहे.
बाकी बेट वीतभर खाली बसलं.
नावेतून उतरताना अक्कांचा पाय
अजून सवयीच्या उंचीवर टेकायला जातो
आणि जमीन
जराशी उशिरा लागते.