तक्ता तीनखालची तळटीप

तळघरातल्या जुन्या रेकॉर्ड रूमला
आम्ही साउंडप्रूफ म्हणायचो.
भिंतींना गाद्या, दाराला गोधडी,
पंखा बंद, कारण पंखाच चाळीस डेसिबल.
मे महिना, जालना.
माझं ऑनर्सचं वर्ष असं घामात गेलं.

विषय मीच मागून घेतला:
रोलिंग मिलच्या कामगारांचे कान.
टोम्पे मॅडम म्हणाल्या, निदान चाळीस माणसं हवीत,
आणि आधीचे चौदा तास मिलमध्ये पाऊल नको.
म्हणजे फक्त सुट्टीचा शुक्रवार,
आणि विष्णूचा टेम्पो, खेपेला तीनशे,
तेही माझ्याच खिशातून.

पद्धत सोपी आहे. दहा खाली, पाच वर.
ऐकू आलं की उतरायचं,
नाही आलं की चढायचं,
मोंढ्यातला मापारी मूठभर काढतो, चिमूटभर टाकतो
काटा उभा राहीपर्यंत, तसं,
जोवर ती जागा सापडते
जिथं माणूस निम्म्या वेळा ऐकतो
आणि निम्म्या वेळा ऐकत नाही.
पुस्तकात ह्या जागेला उंबरठा म्हणतात.

उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली.
हजारापर्यंत सगळे बरे चालायचे,
चार हजारावर आले की खाली, खाली.
बोअर घेताना शेजारी विचारतात
तसं मी मनात विचारायची:
किती फुटांवर? साठ? सत्तर?

एक्केचाळिसावे शेख गौस.
सव्वीस वर्षं तापल्या सळया चिमट्यानं वळवलेल्या,
उजव्या अंगठ्याला वरचं पेर नाही,
बटण तर्जनीनं दाबायचे.
वीसला दाबलं. पाचला दाबलं.
मी आवाज दिलाच नाही, तरी दाबलं.
काचेतून पाहिलं तर डोळे माझ्या खांद्यावर;
खांदा हलला की बोट हलायचं.
मी खुर्ची फिरवून पाठ केली.
मग ते अंदाजानंच दाबत राहिले,
सावकाश, एकसारखं,
जपमाळेचा मणी सरकवावा तसं.

काका, ऐकू आलं तरच दाबा.
"आं?"
कागदावर लिहून दाखवलं. हसले.
"तुझा पेपर हाये ना बाई.
म्हनलं, नापास नको व्हायला माझ्यापायी."

'अविश्वसनीय' हा शब्द मी दोनदा खोडला
आणि तिसऱ्यांदा तोच लिहिला.
रकान्यात दुसरा बसत नव्हता.

बाहेर पायरीवर त्यांची नात, शिफा,
पेप्सीकोला चोखत बसलेली, ओठ केशरी.
नावातली दोन्ही व्यंजनं
नेमकी त्या खड्ड्याच्या काठावरची.
तिनं मागून हाक मारली नाही.
उठली, चिकट हातानं आजोबांची हनुवटी धरली,
तोंड आपल्याकडे वळवलं,
आणि मगच म्हणाली, चला.
घरी काय शिकवलंय हिला, मी विचारलं.
काई नाई, ते म्हणाले, हिचं हिलाच.

प्रबंधाच्या शिफारशींतलं दुसरं कलम
(बोलण्याआधी श्रोत्याचा चेहरा समोर घ्यावा)
मी तिथून उचललंय.
संदर्भसूचीत साठ नावं आहेत,
तिचं नाही.

तोंडी परीक्षेला नांदेडहून आलेल्या सरांनी
तक्ता तीनवर पेन टेकवलं.
टेम्पोत एक्केचाळीस, तक्त्यात चाळीस?
एक वगळला, सर. चुकीचे होकार जास्त होते.
बरं, म्हणाले, आणि पान उलटलं.
मला अजून काही सांगायचं होतं
पण ते पुढच्या आलेखावर गेले होते.

परवा विष्णू भेटला, नव्या मोंढ्याच्या चौकात,
टेम्पोत सिमेंटची पोती.
गौसचाचा विचारत होते, म्हणाला,
त्या बाईचा पेपर सुटला का?
सुटला, मी म्हटलं.
इंजिन चालूच होतं. त्यानं कानाला हात लावला.
सुटला म्हणावं! मी ओरडले,
आणि सांगताना समोर उभा राहा,
तोंड दिसेल असा.