अंशात वजन, छेदात अंतर

ताळगावच्या पठारावर, विद्यापीठाच्या खोलीत
पंखा हळू फिरतो, पडद्यावर एकशे बारा देश.
सूत्र सोपं आहे, पोरांना फळ्यावर काढून दाखवते :
अंशात दोन देशांची वजनं,
छेदात मधलं अंतर.
जड जडाला ओढतं, लांबचं सुटत जातं.

कराची मुरगावहून तीन दिवसांच्या वाटेवर,
तरी रकान्यात जवळजवळ शून्य.
लिस्बन कुठल्या कुठे,
तरी सूत्र सांगतं त्याहून चिमूटभर जास्त.
त्या चिमटीला आम्ही अवशेष म्हणतो.
पोरं हसतात. अवशेष म्हणजे जुन्या गोव्यातले,
चांदीच्या पेटीतले, दहा वर्षांनी एकदा खाली उतरवतात ते.
मीही हसते. शब्द तोच आहे.
मग त्याच्यासाठी नवा रकाना उघडते :
सामायिक इतिहास, एक किंवा शून्य.
साडेचारशे वर्षं : एक.

(शेजारची एर्मेलिंद लेकाकडे स्विंडनला निघाली की
न्हाणीतल्या काट्यावर बॅग तोलते.
चोरीस, नाचण्याचं पीठ, दोन बाटल्या फेणी.
हा व्यापार कुठल्याच रकान्यात नाही.)

रविवारी कुडचड्याला. बाबा सत्तावीस वर्षं बार्जवर तांडेल,
जुवारीतून मुरगावपर्यंत लाल माती न्यायचे.
बार्जच्या अंगावरचे आकडे कुठवर बुडाले ते बघून
टन सांगायचे, आणि सहसा चुकायचे नाहीत.
पेज जेवताना त्यांना सूत्र सांगितलं.
"मग आपली माती कोबेला कशी गेली? ते तर केवढं लांब."
"ते जड होते, बाबा. जड असलं की लांबूनही ओढतं."
बाबांनी खारातलं तोर चोखून संपवलं,
कोय ताटलीच्या कडेला ठेवली.
"आणि जड कशानं झाले?"

याला आमच्यात एक लांबलचक नाव आहे,
तळटीपेत त्याची माफी मागायची पद्धतही आहे.
मी पेजेत मीठ घातलं. आधीच घातलेलं होतं.

मागच्या दारातून डोंगराची जागा दिसते.
आता खड्डा आहे, हिरव्या पाण्याचा,
आणि त्याच्या खोलीबद्दल गावात पैजा लागतात.
खाली काठाला त्यांची बार्ज, रिकामी, गंजलेली,
सगळे आकडे पाण्याच्या वर,
तळाचा पहिलासुद्धा.
संध्याकाळी बाबा तिथवर चालत जातात
आणि तो वाचून येतात.