अर्धा आटा

सियागंजात मोईजभाईंनी दोन छोट्या एटीव्ही पुढे ओढल्या.
लाल चमकत होती.
मी हिरवी घेतली: बुटकी, रुंद बुडाची,
सहसा न उलटणारी.

हेल्मेटसाठी टेपनं शर्वरीचं डोकं मोजलं.
एकावन्न.
टोपडं विणताना मोजलं होतं, तेव्हा चौतीस.

कोपरांचे पॅड, हातमोजे, मागे उंच केशरी झेंडी,
मनगटाला लाल दोरी;
ती सुटली की इंजिन बंद.
मी उगाच दोनदा ओढून पाहिली.

"वेगाचा स्क्रू इथे, भाभी. जितका आत, तितकी हळू."
पार आत पिळला.

राऊच्या माळावरून ती परतली, नाकावर धूळ:
"आई, बकऱ्या पुढे गेल्या!"

पेचकस पर्समध्येच होता.
अर्धा आटा सोडला.
झेंडी चिंचेपलीकडे गेली,
तरी दिसत होती.