जर

गोझोच्या वाऱ्यात मीठ असतं,
म्हणून लेस आम्ही दार लोटून विणतो.
उशीवर टाचण्या, टाचण्यांभोवती दोरा,
हातात चोवीस लाकडी फिरक्या, टकटक टकटक.
वेदीच्या कापडाला तीन हात किनार हवी
संत उर्सुलाच्या सणाआधी.

डुन सावेर रविवारी म्हणाले,
देव आईच्या पोटात असाच बसून विणतो,
मधेच कापणारे आपण कोण?
माझी मान हलली.
बहात्तर वर्षं हलत आलेल्या मानेला
थांब म्हटल्यावर थांबता येत नाही.

पण मेलिटा परवा सिसिलीच्या बोटीने गेली
आणि काल परतली.
बोट फार हलत होती, एवढंच बोलली.
मी विचारलं नाही. तिने लपवलं नाही.

माझं चौथ्या महिन्यात पडलं होतं,
पन्नास वर्षं झाली. तळहाताएवढं.
सुईण चेटाने कान तुटलेल्या कपात पाणी घेतलं,
बोट बुडवलं, घाईघाईने म्हणाली:
जर जिवंत असशील, तर तुला बाप्तिस्मा देते.

जर.
एवढं मोठं चर्च, एवढ्या घंटा,
आणि त्या कपापाशी आल्यावर
सगळ्यांना मिळून हाच शब्द सापडला.
तेव्हाच्या फादरना मी विचारलं, तो गेला कुठे?
ते चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, चांगल्या ठिकाणी असावा.
असावा.

आमच्या लेसमध्ये सोन्याचा जर नसतो,
पांढरा दोराच. माझ्याकडे जर तो एकच,
चेटाच्या तोंडून निघालेला.

आज मिस्सा संपल्यावर दाराशी टेबल मांडलं होतं.
कायदा बदलू नये म्हणून सह्या.
तेरेझिनाने पेन पुढे केलं.
म्हटलं, चष्मा घरी राहिला.
चष्मा गळ्यातच होता, दोरीला लटकलेला.
तिने पाहिला,
आणि मागच्या बाईला पुढे बोलावलं.

मला विचाराल तर तो जीवच होता.
माझाही. मेलिटाचाही.
हे मी तिला सांगेन, तिने विचारलं तर.
नाही विचारलं, तर नाही.

घरी आले. ती आतल्या खोलीत,
भिंतीकडे तोंड करून.
पावावर टोमॅटो चोळला, तेल सोडलं,
तोच कप विसळून पाणी दिलं.
तिने अर्धं प्यायलं.
उरलेलं मी.